गडगा : मालवण किनाऱ्यावरील उताराच्या भिंतींचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात दगडी भिंतीला मानाचे स्थान आहे. परंतु ती भिंत किल्ल्याची असेल तरच. तट, बुरूज, दिंडी, चिलखती बांधणी यांवर विपुल लेखन झाले. दक्षिण कोकणातील प्रत्येक घराच्या खळ्याखाली, परसवात, माडाच्या वाडीत आणि भाताच्या कुणग्याच्या कडेला उभ्या असलेल्या भिंतीकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळली. या भिंतीस मराठीत गडगा आणि मालवणीत गडगो म्हणतात. चुना किंवा सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेली ही भिंत कोठे नुसते कुंपण असते, तर कोठे उतारावरची माती धरून ठेवते. प्रस्तुत निबंधात दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे माती धरणाऱ्या गडग्याचा विचार केला आहे. सरकारी भाषेत अशा भिंतीला 'संरक्षक भिंत' असे नाव आहे.

कोल्हापुरातील अभ्यासकाने मालवणच्या भिंतींचा विचार का करावा, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे जाईपर्यंत हा किनारा करवीर छत्रपतींच्या राज्यात होता. गगनबावडा, फोंडा, आंबोली या घाटांनी दोन्ही प्रदेशांचा व्यापार आणि मनुष्यबळ एकमेकांशी जोडलेले राहिले. शिवाय सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा, मुसळधार पाऊस आणि खचणारा उतार हे प्रश्न कोल्हापूरच्या पश्चिम भागालाही चुकलेले नाहीत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला, हे आपल्या स्मरणात आहेच.

गडग्याचा अभ्यास हा केवळ लोकजीवनातील एका वस्तूचा अभ्यास नव्हे. उतारावर माती कोणी धरायची, कशाने धरायची आणि ती भिंत कोसळली तर कोणावर कोसळणार, हे प्रश्न जमिनीच्या मालकीशी आणि श्रमाच्या इतिहासाशी निगडित आहेत.

भूमी, वाळू आणि पाऊस

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात समुद्राकडून आत येऊ लागले की प्रथम पुळण लागते, तिच्यामागे वाळूची उंच वरंड. या वरंडीवर आणि तिच्या मागील उतारावर माडांच्या वाड्या व घरे असतात. त्यापलीकडे सखल भागात भातशेती आणि मग जांभ्याची घाटी चढून सडा, म्हणजे वरचे सपाट कातळ पठार. सर्वत्र हाच क्रम असतो असे नाही. काही ठिकाणी कातळ थेट समुद्रात उतरतो, तर देवबागसारख्या गावी एका बाजूला कर्ली नदी व दुसऱ्या बाजूला समुद्र यांमध्ये वाळूची अरुंद जिव्हाच काय ती जमीन आहे. तथापि घर बांधावयाचे तर उतार कापून सपाटी करावी लागते आणि त्या सपाटीची खालची कड धरून ठेवावी लागते, ही गरज बहुतेक ठिकाणी समान आहे.

या पट्ट्यात दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ शेजारी नांदतात. एक जांभा. फ्रान्सिस ब्यूकनन याने मलबारातील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्यास 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. खाणीत असताना तो कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होतो, हे वैशिष्ट्य कोकणातील चिरेखाणीवरच्या कामगाराला ब्यूकननच्या आधी कित्येक पिढ्या ठाऊक असणार. दुसरा पदार्थ वाळू. वाळूच्या कणांना एकमेकांना धरून ठेवणारा चिकटपणा नसतो. कोरड्या वाळूचा ढीग साधारण तीस ते पस्तीस अंशांच्या उतारावर स्थिरावतो. त्याहून उभा कापला की घसरतो. ओलसर वाळू काही काळ उभी राहते, त्यामुळे मुलांचे किल्ले उभे राहतात आणि नवख्या घरमालकाची फसगत होते. ऊन लागले किंवा पाणी भरले की तो आधार नाहीसा होतो.

वाळूचा एक गुण मात्र उपकारक आहे. तिच्यातून पाणी झटकन निघून जाते. ज्या प्रदेशात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तेथे या गुणाचे मोल फार आहे. भिंत बांधणाऱ्याने हा गुण राखला तर वाळू त्याची मित्र. पाण्याची वाट अडवली तर तीच वाळू पाण्यासह भिंतीवर चालून येते.

गडग्याची रचना

मातीधारक गडगा बाहेरून ओबडधोबड दिसला तरी त्याच्या रचनेत ठरावीक नियम आढळतात. पाया मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेला जातो. वाळूत ते शक्य नसल्याने चर रुंद खणून मोठे दगड तळाशी आडवे बसवले जातात. भिंत उभी सरळ नसते, ती मागील मातीकडे कललेली असते. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थराचा दगड येईल अशी मांडणी असते आणि अधूनमधून लांब दगड भिंतीच्या आरपार जाऊन मागील भरावात शिरतात. दगड डुगडुगू नये म्हणून फटीत चिपा ठोकल्या जातात. दर्शनी दगड आणि माती यांच्यामध्ये लहान दगडगोट्यांचा थर भरतात. नजरेआड असलेला हा थरच सर्वांत महत्त्वाचा, कारण तो पाणी खाली उतरवतो आणि फटींतून बाहेर सोडतो. वाळूच्या जागी तर तो अधिकच आवश्यक. तो नसेल तर पाण्याबरोबर वाळूही फटींतून वाहून जाते आणि भिंत उभी राहूनही मागचे अंगण पोकळ होते.

गडग्याच्या जोडीला वनस्पती असतात. पुळणीलगत मर्यादवेल आणि केवडा, वाडीच्या कडेला उंडी, ओलसर बांधावर कोठे कोठे वाळा. समुद्राच्या बाजूला वाळूवर पसरणाऱ्या वेलीला ज्यांनी 'मर्यादवेल' हे नाव दिले, त्यांना तिचे कार्य नेमके समजले होते असे म्हणावयास हरकत नाही. वाड्यांना जोडणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी हीसुद्धा या व्यवस्थेचाच भाग होय. उन्हाळ्यात ती वाट असते आणि पावसाळ्यात वरचे पाणी गडग्यांना बगल देऊन खाली नेणारा वहाळ.

या रचनेमागील तत्त्व अभियांत्रिकीच्या भाषेत मांडणारा पहिला मोठा विद्वानही समुद्रकाठच्या तटबंदीच्या कामातूनच घडला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला रोचक वाटेल. शार्ल ऑगस्तँ द कुलाँ हा फ्रेंच लष्करी अभियंता १७६४ साली वेस्ट इंडिजमधील मार्तिनिक बेटावर गेला आणि तेथे सुमारे आठ वर्षे किल्ला बांधण्याच्या कामावर होता. त्या अनुभवातून त्याने भिंतीवर येणाऱ्या मातीच्या दाबाचे विवेचन सिद्ध केले आणि १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचले. विद्युत्शास्त्रातील त्याचे कार्य त्यानंतरचे. कुर्टे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो नोव्हेंबर १६६४ मध्ये, म्हणजे कुलाँ मार्तिनिकला पोहोचण्याच्या शंभर वर्षे आधी. या दोन घटनांचा परस्परसंबंध अर्थातच नाही. एकीकडे अनुभवाचे गणित झाले आणि ते ग्रंथात गेले, दुसरीकडे ते गवंड्याच्या हातातच राहिले, एवढा भेद मात्र यातून ठळक होतो.

ते गणित थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडी वाळू असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण १,१०० किलो इतका आडवा रेटा येतो. त्याच भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले तर एकट्या पाण्याचा रेटा २,००० किलो होतो आणि बुडालेल्या वाळूचा सुमारे ६५० किलो त्यात मिळतो. म्हणजे भिंत तीच, वाळू तीच, पण रेटा जवळजवळ अडीच पट. दुसरे असे की हा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. एका उंच भिंतीऐवजी पुरेसे अंतर सोडून दोन बुटक्या भिंती बांधल्या, तर प्रत्येकीवर एक चतुर्थांशच भार येतो. कोकणातील उतार एकाखाली एक अशा बुटक्या गडग्यांनी पायऱ्यापायऱ्यांचा केलेला असतो, त्याचे शास्त्रीय समर्थन येथे मिळते.

करवीर राज्याशी निगडित असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यासाठी जागा निवडताना आधी पाणी पाहावे, असा दंडक घातलेला आहे. तेथे पाणी पाहावयाचे ते साठवण्यासाठी. गडगा बांधणाराही आधी पाणीच पाहतो, परंतु ते जाऊ देण्यासाठी. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणाची दगडी भिंत पाणी अडवण्यासाठीच घडवलेली असल्याने तिचे वजन व जाडी त्या हिशेबाने ठरलेली आहे. अंगणाच्या भिंतीकडून नकळत धरणाचे काम करून घेतले की ती फुगते आणि आडवी होते.

जमिनीचा हक्क आणि भिंतीची उंची

आतापर्यंतचे विवेचन वाचून गडगा म्हणजे पूर्वजांच्या शहाणपणाचा पुरावा, असा समज होण्याचा संभव आहे. तो पूर्णतः खरा नाही. गडगा बुटका आणि सुटा का राहिला, याचे एक उत्तर पावसात असले तरी दुसरे उत्तर महसुली व्यवस्थेत शोधावे लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक गावांत खोती पद्धत होती. खोत हा सरकार व कूळ यांमधील वसुलीदार. कालांतराने तो बहुसंख्य ठिकाणी प्रत्यक्ष मालकासारखा वागू लागला. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांच्या हक्कांना मान्यता मिळाली, तरी अर्धेलीने जमीन कसणाऱ्याची स्थिती दुबळीच राहिली. ज्या उतारावरून पुढील वर्षी उठवले जाण्याची भीती आहे, तेथे चुन्यात बांधलेली पक्की भिंत कोण घालील? जमिनीत सापडलेले दगड, घरातील माणसांचे श्रम आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी, एवढ्यावर भागणारी भिंतच अशा माणसाला परवडणार. किनाऱ्यालगतच्या जुन्या सधन घरांचे जोते मात्र घडीव चिऱ्याचे व चुन्याच्या दर्जांचे असते. एकाच गावात, एकाच उतारावर बांधणीचा हा भेद दिसतो आणि तो केवळ अभिरुचीचा नसून हक्काच्या शाश्वतीचाही असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तर्क अशासाठी म्हणावयाचे की गडग्यावर शिलालेख नसतो. त्याची बांधणी कालनिश्चितीला सहजासहजी दाद देत नाही.

उत्तर कोकणात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तेथील खारजमिनी समुद्राच्या भरतीपासून राखणारे बांध घालणाऱ्याला शिलोत्री पद्धतीत विशेष हक्क मिळत. म्हणजे बांध हा स्वतःच हक्काचा आधार होता आणि म्हणून त्याची लेखी नोंद झाली. पुढे १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदाही झाला. समुद्राला अडवणाऱ्या बांधाला असे कायद्याचे छत्र मिळाले. डोंगराची माती अडवणारा गडगा मात्र घरगुती बाब ठरला. महसूल ज्यावर अवलंबून, त्याचीच नोंद दप्तरात होते, हा नियम येथेही प्रत्ययास येतो.

खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले होते. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. त्याआधीच्या वर्षी कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. घराखालील व वाडीतील जमीन आपली झाल्यावर भिंतही पक्की व्हावी, ही आकांक्षा स्वाभाविक होती. तिला वाट मिळण्यास मात्र आणखी दोन-तीन दशके लागली.

मनीऑर्डर आणि सिमेंट

गडगा टिकतो तो डागडुजीवर. फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचणे, ढासळलेल्या चिपा बसवणे, मुळे काढणे ही कामे वैशाखात व्हावी लागतात आणि त्यास घरात राबते हात हवेत. हे हात मुंबईला गेले. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा फार मोठा वाटा होता, हे सर्वश्रुत आहे. गावी वृद्ध आणि स्त्रिया राहिल्या. शेणाने खळे सारवणे आणि पावसाळ्यापूर्वी गडग्याची पडझड आवरणे, अशी दोन्ही कामे मग स्त्रियांच्याच वाट्याला आली असणार. 'मनीऑर्डरवरचे कोकण' याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्या मनीऑर्डरीने भूदृश्य कसे पालटले, याकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

सिमेंट दीर्घकाळ नियंत्रित होते आणि परवान्यावर मिळे. महाराष्ट्राच्या राजकारणात तर त्याने एके काळी वादळच उठवले. १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः सैल झाले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्यानंतर गावोगाव सिमेंटची पोती सहज उपलब्ध झाली. चाकरमान्याने सुट्टीत येऊन गडगा उतरवावा आणि त्या जागी सिमेंटात बांधलेली, गिलावा केलेली सरळ भिंत उभी करावी, हा प्रतिष्ठेचा भाग झाला. एकदा बांधली की दर वर्षी हात लावावा लागणार नाही, हे आकर्षण समजण्यासारखे होते. ज्या घरात राबते हात उरले नाहीत, त्या घराला गडग्याचा आग्रह धरणे हा शहरी अभ्यासकाचा लाडिकपणाच ठरेल.

दोष सिमेंटचा नाही. दोष असा की भिंत बदलली तेव्हा पाण्याची वाट बदलली गेली नाही. सांधे बंद झाले, मागील दगडगोट्यांचा थर खर्च वाचवण्यासाठी गाळला गेला, पाणी निघण्यासाठी भोके ठेवावयाची ती एकतर ठेवली नाहीत किंवा गिलाव्यात बुजली. दोन बुटक्या गडग्यांच्या जागी एक उंच भिंत आली, कारण त्यामुळे अंगण मोठे मिळते. किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. समुद्राची न धुतलेली वाळू काँक्रीटमध्ये गेली तर तिच्यातील क्षार आतील लोखंडाला गंज चढवतात. गंजलेले लोखंड फुगते आणि भिंत आतून तडकते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांची रूपे बदलण्यास मनाई केली. मात्र नियमन पट्ट्याच्या आत-बाहेर शेकडो अंगणे कशी धरली जातात, हा प्रश्न कोणत्याही अधिसूचनेच्या आवाक्यात सहजी येणारा नव्हे.

याची परिणती किती भीषण असू शकते, हे मोठ्या शहरांनी दाखवून दिले. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे गृहसंकुलाची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईतील मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरील जलाशयाच्या आवाराची भिंत खालच्या वस्तीवर आली आणि सुमारे ३० जणांचे प्राण गेले. या भिंती वाळूवरील नव्हत्या आणि प्रत्येक दुर्घटनेची स्थानिक कारणे वेगळी असतात. तथापि दोन्ही घटना मुसळधार पावसात घडल्या आणि दोन्ही ठिकाणी भिंत बांधणारे वेगळे होते, खाली राहणारे वेगळे. गडगा कोसळला तर घरच्याच परसवात दोन हात दगड पसरतात आणि मालकच ते उचलतो. उंच बंदिस्त भिंत कोसळते तेव्हा तिची किंमत ती न बांधणारा मोजतो.

आपल्या घाटाखालचे उदाहरण याहून जवळचे आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या मार्गावर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर रेल्वेने मार्गालगतचे कापलेले उतार सौम्य करणे, दरडींवर जाळ्या बसवणे आणि पाणी वळवणारे चर काढणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. घाटरस्त्यांवर आता अनेक ठिकाणी तारेच्या जाळीच्या पेट्यांत सुटे दगड भरून रचलेल्या भिंती दिसतात. अभियंते त्यांना गॅबियन म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही, फटींतून पाणी वाहते आणि जमीन थोडी सरकली तर भिंतही तिच्याबरोबर सरकून सावरते. तारेची जाळी वगळली तर त्या भिंतीत आणि गडग्यात तत्त्वाचा फरक फारसा उरत नाही.

नोंद कोणाची?

२०१८ साली युनेस्कोने कोरड्या दगडी बांधणीची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ती क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन व स्वित्झर्लंड या देशांच्या नावे. पुढे २०२४ मध्ये आणखी काही युरोपीय देश तिच्यात सामील झाले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातील बारा किल्ल्यांत पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट दिसतो. ज्या वाड्यांतून तो पाहावयाचा, त्या धरून ठेवणारे गडगे मात्र या दोन्ही याद्यांच्या बाहेर आहेत.

यादीत नाव येणे न येणे गौण आहे. मोजमाप होणे गौण नाही. वाळूच्या वरंडीवरील, जांभ्याच्या घाटीवरील आणि भातजमिनीच्या कडेचे गडगे यांची उंची, पायाची रुंदी, कल, मागील भराव आणि आजची अवस्था यांची गाववार नोंद करण्याचे काम इतिहास, भूगोल आणि स्थापत्य या विभागांनी एकत्र येऊन करता येण्याजोगे आहे. गडगा रचू शकणारे, त्यातही वाळूत रचू शकणारे गवंडी आता उतारवयाचे आहेत, म्हणून मुलाखती आधी घ्याव्या लागतील. कागदपत्रांच्या बाजूने पाहता मेरेवरून, पाण्याच्या वाटेवरून आणि शेजाऱ्याच्या हद्दीत ढासळलेल्या दगडांवरून झालेले तंटे हे सर्वांत आशादायक साधन वाटते. कारण भिंत पडल्यावरच ती दप्तरात शिरते. १८१२ पूर्वीच्या मालवणसाठी हा शोध कोल्हापूर पुरालेखागारातील कागदांपासून सुरू करता येईल, नंतरच्या काळासाठी रत्नागिरीच्या महसुली व दिवाणी दप्तरांकडे जावे लागेल.